सनाच्या जुन्या शहरात नळ आला, तेव्हा सांडपाणी कुठे गेलं?

येमेनची राजधानी सना. तिच्या जुन्या शहराचा फोटो पाहिला की नजर वर जाते: विटांच्या उंच इमारती, पांढऱ्या जिप्समची नक्षी, कमानीतल्या रंगीत काचा. या शहराची गोष्ट सहसा तिथूनच सुरू होते आणि तिथेच संपते. हे प्रकरण मात्र इमारतींच्या पायाचं आहे. शेकडो वर्षं उभी राहिलेली घरं १९७० च्या दशकात खचू लागली. कारण भूकंप नव्हतं, युद्धही नव्हतं. घराघरात नळ आला होता. त्यानंतर कोणते पर्याय समोर होते, काय केलं गेलं आणि काय सुटलं, याची ही नोंद आहे. घरमालक, भाडेकरू, गवंडी आणि अधिकारी यांची नावं मुद्दाम टाळली आहेत.

## पार्श्वभूमी

सना समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. पूर्वेला नुकुम आणि पश्चिमेला ऐबान हे डोंगर, मधे पठार. या जागी अडीच हजार वर्षांहून अधिक काळ वस्ती आहे. नोहाचा मुलगा शेम याने शहर वसवलं असं स्थानिक परंपरा सांगते. गुमदानचा राजवाडा, सहाव्या शतकात अब्राहा या इथिओपियाहून आलेल्या शासकाने बांधलेलं चर्च, पैगंबरांच्या हयातीत उभारली गेली असं मानली जाणारी मोठी मशीद असे थर एकावर एक चढत गेले. याच मशिदीच्या दुरुस्तीत १९७२ साली कुराणाच्या अतिप्राचीन हस्तलिखितांची पानं सापडली. पुढे तुर्क आले आणि गेले, इमामांची राजवट आली. १९६२ च्या क्रांतीपर्यंत तटाचे दरवाजे रात्री बंद होत असत.

युनेस्कोच्या नोंदीनुसार जुन्या शहरात १०३ मशिदी, १४ हमाम (म्हणजे सार्वजनिक स्नानगृहं) आणि सहा हजारांवर घरं आहेत. ही सगळी अकराव्या शतकाआधीची, असंही ती नोंद म्हणते. ते शब्दशः घेऊ नये. इथली घरं सतत डागडुजी होत, वरचे मजले उतरवून पुन्हा चढवत टिकली आहेत. जुनी आहे ती जागा, पद्धत आणि बऱ्याच ठिकाणी खालचा दगड.

घराची रचना अशी. खालचे मजले दगडाचे. तिथे जनावरं, धान्य, लाकूडफाटा. वर भाजलेल्या विटांचे मजले, त्यांत राहण्याच्या खोल्या. सगळ्यात वर मफरज, म्हणजे दुपारी पाहुण्यांसोबत बसून कात (विड्यातला नव्हे, एका झुडपाची उत्तेजक पानं) चघळायची, चौफेर खिडक्यांची खोली. मधोमध दगडी खांब आणि त्याभोवती फिरत वर जाणारा जिना. हे सगळं प्रवासवर्णनांत येतं. प्रकरण समजायला महत्त्वाची आहे ती याच घरातली, कोणी फोटो काढत नाही अशी जागा: शौचालयाची उभी पोकळी.

वरच्या मजल्यांवरची शौचालयं या पोकळीवर उघडत. मैला थेट खाली, तळमजल्याच्या बंद कोठडीत पडे. लघवी आणि धुण्याचं थोडं पाणी वेगळं काढलेलं असे. ते बाजूच्या उतारावरून भिंतीबाहेर जाई, बाहेरच्या भिंतीवरच्या उभ्या पट्ट्यावरून ओघळे आणि पठाराच्या कोरड्या हवेत बरंचसं वाटेतच सुकून जाई. कोठडीतला मैला कोरडा राही, ठरावीक काळाने माणसं तो काढून नेत, आणखी वाळवत आणि हमामच्या भट्टीत जाळत. राख बागांत खत म्हणून जाई.

या बागा म्हणजे मकाशिम. घरांच्या रांगांमागे दडलेल्या, रस्त्यापेक्षा खोलगट, बहुतेक मशिदींच्या वक्फच्या मालकीच्या. मशिदीच्या विहिरीतून पाणी काढत ते चामडी पखालीने: उतारावरून जनावर खाली चालत जाई आणि पखाल वर येई. आपल्याकडची मोट आणि तिची धाव ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ते पाणी आधी वुजूसाठी, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय धुण्यासाठी वापरलं जाई आणि तेच पुढे बागेत सोडलं जाई. त्यावर मुळा आणि पालेभाज्या पिकत, त्या शेजारच्या घरांत जात. शिवाय डोंगराकडून भूमिगत चराने पाणी आणणारे घैलही होते.

वर्षाला सुमारे २०० ते २५० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात इतकी दाट वस्ती टिकली ती या साखळीवर. घर, हमाम, मशीद आणि बाग एकमेकांना बांधलेली होती. पण हा नकाशा कागदावर कुठेच नव्हता. तो मैला नेणाऱ्याला, हमामवाल्याला आणि बागवानाला माहीत होता, आणि ही सगळी माणसं समाजाच्या खालच्या पायरीवरची. पुढे निर्णय घेणाऱ्यांनी त्यांना फारसं विचारलं नाही, याचं एक कारण हेही असावं.

## अडचण

१९६२ नंतरचं यादवी युद्ध १९७० मध्ये संपलं. सौदी अरेबियात आणि आखातात कामाला गेलेल्या येमेनी माणसांचा पैसा घरी येऊ लागला. मोटारी आल्या, सिमेंट आलं, विहिरींवर पंप बसले. याच दशकात जुन्या शहरात नळाचं पाणी आलं.

नळ आणणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पाच-सहा मजले चढून पाणी नेणं काय असतं ते नेणाऱ्यालाच कळतं, आणि ते काम बायकामुलांच्या वाट्याला असे. नळ ही त्यांची सुटका होती. स्वयंपाकघरात तोटी आली, पाण्याचे संडास आले, धुलाई यंत्रं आली. घराचा पाण्याचा वापर कितीतरी पटींनी वाढला.

ते पाणी जाणार कुठे? गटारं नव्हती. म्हणून ते त्याच उभ्या पोकळीत सोडलं गेलं, जी कोरडी राहील अशा हिशेबाने बांधलेली होती. तळाच्या कोठडीतून किंवा अंगणात खणलेल्या शोषखड्ड्यातून ते पायाखालच्या मातीत मुरलं. माती मऊ झाली, दगडांमधला गारा सुटला, पाया एका बाजूने बसला. पाच-सहा मजल्यांच्या अरुंद इमारतीत खाली थोडंसं खचलं तरी वरच्या मजल्यावर भिंतीला उभी भेग दिसते. ओल विटांत चढली, क्षार बाहेर आले, जिप्समची नक्षी पोपडे धरून गळू लागली.

दुसरीकडे साखळीचे बाकीचे दुवेही तुटत होते. मैला ओला झाल्यावर हमामला जळण म्हणून निरुपयोगी ठरला. हमाम तेलावर आणि इतर इंधनांवर गेले. राख थांबली. पंपांनी भूजल खाली ओढलं, मोटेच्या विहिरी कोरड्या पडल्या, घैल आटले. बागा सुकल्या आणि सुकलेली बाग दिसली की तिथे कोणाला तरी दुकान सुचतंच.

पैसेवाली कुटुंबं तटाबाहेरच्या नव्या वस्त्यांत गेली. जुन्या घरात भाडेकरू आले किंवा ते एका-एका खोलीत विभागलं गेलं. छताला दरवर्षी लेप कोणी द्यायचा, हा प्रश्न मालक आणि भाडेकरू यांच्यात अडकला. शहराच्या मधून वाहणारी साइला, म्हणजे पावसातच वाहणारी नदी, वर्षभर मोटारींचा धुळीचा रस्ता आणि कचऱ्याची जागा झाली. १९८० च्या सुमारास स्थिती अशी होती की घर कोसळलं तर त्या जागी काँक्रीटची इमारत उभी राहणं मालकाला स्वस्त पडत होतं.

## समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. नवं शहर वाढतंय, जुनं हळूहळू मरेल. अधिकृतपणे असं कोणी म्हणत नसतं, पण अंदाजपत्रकात तरतूद नसली की अर्थ तोच होतो.

दुसरा, गल्ल्या फोडून रुंद रस्ते काढण्याचा. अनेक अरब शहरांत तेव्हा हेच चाललं होतं. मोटार, अग्निशमन आणि गटाराचे मोठे नळ या सगळ्यांना तो सोयीचा होता. सनाच्या तटाचे काही भाग आणि दरवाजे असेच गेले; दक्षिणेचा बाब अल-यमन उरला.

तिसरा, निवडक इमारती जतन करण्याचा. काही उत्तम घरं आणि सराया सरकारने घ्याव्यात, रहिवाशांना बाहेर हलवावं, पर्यटकांसाठी शहर राखावं. परदेशी सल्लागारांना हा मार्ग आकर्षक वाटू शकतो. पण सहा हजार घरांचं वस्तुसंग्रहालय कोणाला परवडणार? आणि रोज राहणारं माणूस गेलं की छताला लेप देणारा हातही जातो.

चौथा, शहर राहतं ठेवून आधी जमिनीखालचं काम करण्याचा: पाण्याचे नळ दुरुस्त करायचे, मलनिस्सारणाच्या वाहिन्या टाकायच्या, पावसाचं पाणी गल्लीबाहेर काढायचं आणि मग वरून फरसबंदी. दिखाऊपणा कमी, खर्च जास्त. शिवाय धोका होताच: अरुंद गल्लीत आधीच मऊ झालेल्या पायाला लागून चर खणायचा.

पाचवाही एक पर्याय होता, जुनी कोरडी व्यवस्था सुधारून ठेवण्याचा. नळाचं पाणी आणि मोरी वेगळ्या वाहिनीत, शौचाची पोकळी कोरडीच. पुढे स्वच्छतेच्या क्षेत्रातल्या अभ्यासकांनी सनाच्या या शौचालयाची मैला आणि मूत्र वेगळं ठेवणाऱ्या पद्धतीचं उदाहरण म्हणून नोंद घेतली. पण त्या काळी मैला हाताने काढण्याचं काम चालू ठेवा असं कोण म्हणणार, आणि का म्हणावं? पाण्याचा संडास ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. हा पर्याय तांत्रिकदृष्ट्या शहाणपणाचा होता आणि सामाजिकदृष्ट्या तेव्हा जवळपास अशक्य.

## काय केलं गेलं

डिसेंबर १९८४ मध्ये युनेस्कोने जुन्या सनासाठी आंतरराष्ट्रीय मोहीम जाहीर केली. १९८६ मध्ये शहर जागतिक वारसा यादीत आलं. येमेन सरकारने जतनासाठी स्वतंत्र कार्यालय उभारलं, तेच पुढे देशभरच्या ऐतिहासिक शहरांचं प्राधिकरण झालं. वेगवेगळ्या देशांनी एकेक काम वाटून घेतलं.

निर्णायक ठरला तो क्रम. मुख्य भर चौथ्या पर्यायावर राहिला: पाणी आणि मलवाहिन्या, नंतर गल्ल्यांची दगडी फरसबंदी. देणगीदाराला दाखवायला नक्षीदार दर्शनी भाग हवा असतो. गाडलेल्या नळाचं उद्घाटन करता येत नाही. तरीही बराच पैसा जमिनीखाली गेला. या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय माझ्या मते हाच.

साइलेचं पात्र दगडाने बांधून काढलं. कोरड्या दिवसांत रस्ता, पावसात नदी, दोन्ही बाजूंना भिंती आणि वरून पूल. समसरा, म्हणजे व्यापारी उतरायचे त्या जुन्या सराया, त्यांतल्या काही नव्या कामाला लावल्या: समसरत अन-नहास हस्तकला प्रशिक्षणासाठी, समसरत अल-मन्सूरा कलादालनासाठी. बाजारातले कारागीर हलवले नाहीत. जंबियांचे, म्हणजे कमरेला लावायच्या वाकड्या खंजिरांचे, म्यानवाले, लोहार, मसालेवाले आपापल्या गल्लीत राहिले.

खाजगी घरांच्या दुरुस्तीचा भार मात्र मुख्यतः मालकांवरच राहिला. गल्ली सुधारली, जागेला किंमत आली, तर मालक स्वतः पैसे घालेल असा हिशेब होता. बऱ्याच अंशी तो बरोबर निघाला.

## काय साधलं

१९९५ मध्ये या कामाला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लोक राहिले. पायाखाली पाणी मुरणं कमी झालं, धूळ आणि चिखल गेला, काही कुटुंबं परत आली. भाजलेली वीट आणि जिप्समचं काम करणाऱ्या गवंड्यांना पुन्हा काम मिळालं आणि मुलं शिकली. २००४ मध्ये सना अरब सांस्कृतिक राजधानी होती तेव्हा जुनं शहर गजबजलेलं होतं.

पण यशाने स्वतःच्या अडचणी आणल्या. जागेची किंमत वाढली तसा बाजार राहत्या गल्ल्यांत शिरला. तळमजल्याला लोखंडी शटर, वर परवानगीशिवाय मजला, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. २०१३ मध्ये ऐतिहासिक शहरांच्या जतनाचा कायदा झाला, पण अंमल करणारा अधिकारी एकटा आणि मालक अनेक, ही स्थिती बदलली नाही.

शहराचं सांडपाणी शहराबाहेर गेलं, म्हणजे नेमकं उत्तरेच्या मैदानाकडे. शुद्धीकरण केंद्र झालं, पण वाढत्या शहराला ते पुरलं नाही. एका अर्थी जुन्या शहराची ओल आपण गावाबाहेर ढकलली.

बागांचं तर कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मशिदीतल्या वुजूचं पाणी आता मलवाहिनीत जाऊ लागलं आणि काही पावलांवरची बाग कोरडी राहिली.

## दुसरी घसरण: वरून आलेलं पाणी

येमेनमध्ये पुन्हा युद्ध पेटलं आणि १२ जून २०१५ रोजी जुन्या शहरातल्या अल-कासिमी मोहल्ल्यावर हवाई हल्ला झाला. घरं जमीनदोस्त झाली, माणसं मेली. पुढच्याच महिन्यात जुनं सना धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेलं. स्फोटाने पडलेल्या घरांची बातमी झाली. हादऱ्याने आजूबाजूच्या घरांच्या छतांत आणि भिंतींत पडलेल्या बारीक भेगांची झाली नाही.

इथली छतं लाकडी तुळया, काटक्या आणि मातीची. दोन पावसाळ्यांआधी, म्हणजे वसंतातल्या आणि जुलै-ऑगस्टच्या, त्यांना नवा लेप द्यायचा असतो. उत्तम काम हवं तर कदाद: चुना आणि ज्वालामुखी खडकाची खडी मिसळून, दिवसचे दिवस ठोकून, गोट्याने घोटून, वरून चरबी चोळून केलेला गिलावा. तो टिकतो, पण वेळ आणि मजुरी फार खातो. २०१६ पासून बहुतेक सरकारी नोकरांचे पगार थकले. ज्या घरात पिठाची चिंता आहे तिथे छताच्या लेपाचा नंबर शेवटी लागतो.

२०१७ मध्ये कॉलरा पसरला. वीज नाही म्हणून पंप बंद, कचरा उचलणारे पगाराविना, गटारं तुंबलेली. नळ आणि गटार सतत चालवणारी माणसं नसतील तर ते दुधारी ठरतात, हे तेव्हा दिसलं.

ऑगस्ट २०२० मध्ये जोरदार पाऊस झाला. शंभरावर घरं पूर्ण किंवा अंशतः पडली. साइला भरून वाहिली. यावेळी पाया नव्हे, छत गेलं. भिजलेली माती जड झाली, तुळई मोडली, एक मजला खालच्या मजल्यावर आला.

त्याआधीच, २०१८ पासून, युरोपीय संघाच्या पैशातून युनेस्कोने कामाच्या बदल्यात रोख मजुरीची योजना चालू केली होती. सना, शिबाम, झबीद आणि एडन या शहरांतल्या तरुणांना दुरुस्तीच्या कामावर घ्यायचं, गवंडीकाम शिकवायचं, मजुरी द्यायची. तिने एकाच वेळी दोन गोष्टी साधल्या: घरात पीठ आणि छतावर लेप. १९८४ च्या मोहिमेत खाजगी घर मालकावर सोपवलं होतं. इथे दुरुस्तीच्या कामातूनच रहिवाशांच्या हाती मजुरी पोचली. १९८४ च्या धोरणात युद्धाने केलेली ही दुरुस्ती म्हणायची, हवं तर.

## निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा १९७० च्या दशकातली. नळ आणि गटार एकाच आराखड्यात असते तर बहुतेक नुकसान टळलं असतं. हे आज सांगणं सोपं आहे. पण तेव्हाही एक मधला मार्ग होता: घराघरात जोडणी देण्याऐवजी आधी मोहल्ल्यात, मशिदीच्या आवारात नळ द्यायचा आणि तिथलं वाया जाणारं पाणी थेट बागेत सोडायचं. पाणी वर नेण्याचे कष्ट काही वर्षं राहिले असते, हे खरं. पण गटार येईपर्यंत पाया कोरडा राहिला असता.

दुसरी जागा मलवाहिन्यांच्या आराखड्याची. मैल्याचं पाणी आणि वुजूचं किंवा मोरीचं तुलनेने स्वच्छ पाणी एकत्र करायला नको होतं. मशिदी मोजक्या, बागा शेजारीच, उतार तयार. वेगळी वाहिनी टाकण्याचा खर्च इतर कामाच्या तुलनेत किरकोळ ठरला असता. इथे अभियंत्यांनी शहराचा जुना हिशेब वाचला नाही, आणि मोहिमेचं लक्ष इमारतींवर असल्यामुळे बाग ही मोकळी जागा समजली गेली.

साइलेबद्दल माझं मत विभागलेलं आहे. दगडी पात्राने शहर स्वच्छ झालं, वाहतूक सुटली, काठ वाचले. पण बांधलेल्या पात्रातून पाणी वेगाने निघून जातं, मुरायला वेळ मिळत नाही. ज्या खोऱ्यात भूजल दरवर्षी खाली जातंय आणि विहिरी शेकडो मीटर खोल गेल्यात, तिथे मुरणारे टप्पे ठेवायला हवे होते, निदान शहराच्या वरच्या अंगाला.

तिसरी जागा छताची, आणि इथे मला फारशी शंका वाटत नाही. १९८४ नंतरच्या तीस वर्षांत गल्ली, गटार, सराया यांवर खर्च झाला. दरवर्षीच्या लेपासाठी कायमचा निधी कधीच झाला नाही. भाडेकरूचं घर, वाटणीत अडकलेलं घर, विधवेचं घर यांची छतं आधी जातात, कारण तिथे निर्णय घेणारा कोणी एकटा नसतो. वक्फसारखी परंपरा हाताशी होती. मशिदीच्या देखभालीसाठी जमीन लावून देण्याची पद्धत या गावाला शेकडो वर्षं माहीत आहे. मोहल्ल्यातल्या काही दुकानांचं भाडं छतांच्या लेपाला लावून देणं कायद्याला आणि लोकांनाही परकं वाटलं नसतं.

आता पुन्हा दुरुस्तीचा पैसा येईल तेव्हा एक काम आधी करण्यासारखं आहे: उरलेल्या मकाशिमची मोजणी आणि त्यांच्या हद्दी वक्फच्या दफ्तरात नोंदवून घेणं. पडलेलं घर जुन्या विटांतून पुन्हा उभं राहू शकतं, गवंडी अजून आहेत. बागेवर एकदा काँक्रीट पडलं की वुजूचं पाणी सोडायला जागाच राहत नाही, आणि हद्द लिहिलेली नसेल तर ते काँक्रीट काढायला लावण्याचा अधिकारही कोणाकडे नसतो.